अल्पस्निग्ध मासे आणि स्निग्धप्रधान आहार : शीव येथील मत्स्यव्यवहाराच्या भाषेवरून एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

“भात-भाकरी वर्ज्य करावी, स्निग्ध पदार्थांचे प्रमाण वाढवावे आणि मासे खावेत” हे तीन उपवाक्यांचे विधान आज मुंबईतील मधुमेही व स्थूल व्यक्तींच्या कानांवर वारंवार पडते. अल्पकर्बोदकी, स्निग्धप्रधान आहार ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आहारपद्धतीचा तो संक्षेप होय. विधान व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्यातील प्रत्येक शब्दही परिचयाचा आहे. असे असूनही ते ऐकून वागू पाहणारा मत्स्याहारी मराठी माणूस पहिले आणि तिसरे उपवाक्य निष्ठेने पाळील व दुसरे नकळत गाळील, असा मोठाच संभव आहे. ताटातला भात गेला, मासा राहिला, आणि माशाबरोबर स्निग्धांश आपोआप पोटात गेला, अशी त्याची समजूत होते. ती समजूत ज्या माशाच्या बाबतीत खरी ठरते तो मासा मुंबईच्या टोपलीत क्वचितच असतो.

ह्या गैरसमजाचे मूळ आहारशास्त्रात जितके आहे तितकेच भाषेत आहे. ज्या देशांत ही आहारपद्धती वाढली तेथील भाषांत माशांचे ‘तेलाचे’ आणि ‘बिनतेलाचे’ असे दोन वर्ग शब्दांनीच पाडलेले आहेत. मराठीत तसे दोन शब्द रूढ नाहीत. मात्र तो भेद मराठी भाषकांना ठाऊकच नाही, असे त्यावरून अनुमान काढणे चुकीचे होईल. तो भेद मराठीने विशेषणात ठेवलेला नाही. तो सुकवण, खारवण आणि कालवण ह्यांच्या शब्दांत वाटून ठेवलेला आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विवेचनासाठी शीव हे स्थळ सोयीचे आहे. ‘शीव’ म्हणजे गावाची सीमा. मुंबई बेटाची हद्द संपून खाडीपलीकडे साष्टी जेथे सुरू होई, तेथले हे गाव. टेकडीवरील किल्ला सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेरार्ड आँजिए ह्याच्या कारकिर्दीत, ह्या सीमेच्या रक्षणासाठीच उभारला गेला. गावात कोळ्यांची जुनी वसती आहे. १९४७ च्या फाळणीनंतर तिच्या लगत पंजाबी निर्वासितांची वसाहत झाली. माटुंग्याच्या बाजूने दाक्षिणात्य व गुजराती कुटुंबे पूर्वीपासून होती. १९४७ मध्येच येथे सुरू झालेल्या आणि लोकांच्या तोंडी ‘शीवचे रुग्णालय’ असलेल्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयामुळे दूरदूरची माणसे येथे येतात. निरनिराळी स्वयंपाकघरे आणि वैद्यकाची परिभाषा ह्यांची गाठ जेथे रोज पडते, असे हे ठिकाण आहे.

२. आहारातील गणित

भाषेचा विचार करण्यापूर्वी वस्तुस्थिती पाहिली पाहिजे. मत्स्यविज्ञानात माशांची वर्गवारी सामान्यतः त्यांच्या मांसातील स्निग्धांशावरून करतात. शंभर ग्रॅम मांसात दोन ग्रॅमपेक्षा कमी स्निग्धांश असलेला मासा अल्पस्निग्ध, आणि आठ ग्रॅमपेक्षा अधिक असलेला अतिस्निग्ध समजला जातो. इतर मासे ह्या दोहोंच्या दरम्यान येतात. मुंबईच्या किनाऱ्यावर मुबलक मिळणारा बोंबील पहिल्या वर्गातला आहे. त्याच्या मांसात जवळजवळ नऊ दशांश पाणी असते आणि स्निग्धांश एक टक्क्याच्या आसपास. ढोमा, मुडदुशी, मोरी, तसेच कोळंबी व जवळा ह्यांची गणनाही अल्पस्निग्धांत करावी लागते. उलट, तारली आणि पाला हे स्निग्ध मासे होत. तारलीचा स्निग्धांश मात्र ऋतूनुसार फार बदलतो. तो कधी दोन-तीन टक्के, तर कधी पंधरा टक्क्यांच्याही वर असतो. बांगड्यातही असाच चढउतार आढळतो.

आता हे आकडे ताटात मांडून पाहावेत. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ आणि एक ग्रॅम प्रथिनापासून किंवा कर्बोदकापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात. अठरा टक्के प्रथिने व एक टक्का स्निग्धांश असलेला मासा एखाद्याने दोनशे ग्रॅम खाल्ला, तर त्याला प्रथिनांपासून १४४ आणि स्निग्धांशापासून अवघे १८ उष्मांक मिळतील. म्हणजे त्या जेवणातील शंभरापैकी एकोणनव्वद उष्मांक प्रथिनांचे झाले. स्निग्धप्रधान आहारात शंभरापैकी सुमारे सत्तर उष्मांक स्निग्ध पदार्थांचे असावेत, पंचवीस प्रथिनांचे आणि पाच कर्बोदकांचे, अशी विभागणी धरली, तर ह्याच माशाबरोबर सुमारे ४३ ग्रॅम स्निग्ध पदार्थ बाहेरून घ्यावा लागेल. मोठ्या चमच्याच्या मापाने हे तेल तीन चमचे भरते. ह्याच वजनाची, पंधरा टक्के स्निग्धांशाची तारली घेतली, तर तिच्या अंगच्याच तेलातून पासष्ट टक्के उष्मांक मिळून जातात व बाहेरचे तेल नाममात्र पुरते. ‘मासे खावेत’ हे एकच वाक्य बोंबील खाणाऱ्याला एक आहार सांगते आणि तारली खाणाऱ्याला दुसराच.

बाहेरचा स्निग्ध पदार्थ घेतला नाही तर काय होते, ह्याचे उत्तर केवळ तर्काने द्यावे लागत नाही. उत्तर ध्रुवप्रदेशात बराच काळ राहिलेला संशोधक विल्यलमर स्टेफान्सन आणि त्याचा सहकारी कार्स्टेन अँडरसन ह्यांनी १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात वैद्यकीय देखरेखीखाली केवळ मांसाहारावर राहण्याचा प्रयोग आरंभिला. त्यात स्टेफान्सनला आरंभी मुद्दाम चरबी काढलेले मांस देण्यात आले. दोन-तीन दिवसांतच त्याला मळमळ, अतिसार व अस्वस्थता जाणवू लागली. चरबीयुक्त मांस देताच तो बरा झाला. पुढे दोघेही दीर्घकाळ त्या आहारावर राहिले. प्रथिनांतील नत्राचे युरियात रूपांतर करण्याची यकृताची शक्ती मर्यादित असते. म्हणून शरीराची बहुतेक ऊर्जा प्रथिनांतूनच काढू गेल्यास ते त्यास मानवत नाही. कर्बोदके काढून टाकणाऱ्याने त्यांची जागा स्निग्ध पदार्थांनी भरली पाहिजे. ती रिकामी ठेवता येत नाही आणि अल्पस्निग्ध माशाने भरतही नाही. शीवच्या एखाद्या मधुमेही माणसाने भात सोडला, नारळ ‘जड’ म्हणून सोडला, तेल ‘वाईट’ म्हणून सोडले आणि उकडलेला बोंबील तेवढा ठेवला, तर त्याला प्रयोगशाळेइतकी तीव्र बाधा होणार नाही, कारण तो इतर काही ना काही खातच असतो. पण भूक, थकवा आणि अखेरीस पथ्याचा त्याग ही परंपरा मात्र ठरलेली. दोष मग तो पथ्याला देतो किंवा स्वतःच्या मनोनिग्रहाला.

३. ‘बिनतेलाचा’ हा शब्द मराठीत का नाही?

जर्मन भाषेत ‘मागरफिश’ म्हणजे अल्पस्निग्ध मासा व ‘फेटफिश’ म्हणजे स्निग्ध मासा असे दोन सामासिक शब्द रूढ आहेत. इंग्लंडात ‘पांढरा मासा’ आणि ‘तेलकट मासा’ अशा अर्थाच्या शब्दजोडीने हाच भेद दाखवितात. ह्यामागे उत्तर अटलांटिक महासागरातील शेकडो वर्षांचा मत्स्यव्यापार आहे. तो व्यापार मुख्यत्वे दोन माशांवर उभा होता. कॉड हा अल्पस्निग्ध. तो थंड वाऱ्यावर नुसता वाळवता येतो. हेरिंग हा स्निग्ध; तो नुसता वाळवला तर त्याचे तेल खवट होते, म्हणून त्याला मीठ किंवा धूर द्यावा लागतो. व्यापाराच्या गरजेने पडलेला भेद पुढे भाषेत विशेषणरूपाने स्थिरावला आणि तेथून तो आहारशास्त्राने उचलला.

मराठीत ह्या विशेषणाचे भाषांतर करू गेल्यास अडचण ताबडतोब जाणवते. कृश, रोड, हडकुळा हे शब्द माणसाला किंवा जनावराला लागतात आणि त्यांत उपासमारीची छटा आहे. ‘रोड मासा’ म्हटल्यास ऐकणाऱ्याला तो मासा खाऊन न वाढलेला, म्हणजे सदोष वाटेल. घेऊ नये असाच त्याचा अर्थ होईल. मासळीबाजारातील विशेषणे निराळीच आहेत : ताजा, शिळा, काटेरी, मऊ, घट्ट, गाबोळीचा. ती हाताला, डोळ्याला आणि नाकाला कळणाऱ्या गुणांची आहेत. रासायनिक घटकाची नाहीत.

विरुद्ध बाजूचे शब्द पाहिले तर गुंतागुंत अधिकच वाढते. ‘तेलकट’ हा शब्द आहे खरा. पण तो प्रायः पदार्थावर बाहेरून राहिलेल्या तेलाविषयी वापरतात आणि त्यात नापसंती असते. तेलकट भजी कोणी कौतुकाने म्हणत नाही. ‘चरबी’ हा फारसीतून आलेला शब्द मराठीत प्राण्याच्या अंगातील वसेला लागतो. शिवाय चरबी चढणे म्हणजे माज येणे. ‘मेद’ हा संस्कृत शब्द तर आज रोगाच्याच नात्याने आठवतो : मेदवृद्धी झाली, मेद झडला पाहिजे. राहता राहिला ‘स्निग्ध’. त्याचा धातू ‘स्निह्’, त्यापासूनच ‘स्नेह’. आयुर्वेदात घृत, तैल, वसा व मज्जा हे चार मुख्य स्नेह मानले आहेत. पण चालू मराठीत स्नेह म्हणजे मैत्री, आणि स्निग्ध दृष्टी म्हणजे मायेची दृष्टी. पाठ्यपुस्तकांनी ‘स्निग्ध पदार्थ’ ही संज्ञा रूढ केली. तथापि ती शाळेच्या बाकावरच राहिली, ओट्यापर्यंत पोहोचली नाही. ओट्यावर असतात ते तेल, तूप, लोणी आणि नारळ. ‘पाचही बोटे तुपात’ आणि ‘अंगावर चरबी’ ह्या दोन वाक्प्रचारांत रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकाच वर्गाचे पदार्थ असून एक सुदैवाचे चिन्ह आहे, तर दुसरे उन्मत्तपणाचे. हा वर्ग ‘एक’ आहे, ही जाणीव शब्दांतून मिळत नाही.

ह्याच्याच जोडीला ‘कर्बोदके’ हा शब्द ठेवून पाहावा. कर्ब आणि उदक मिळून झालेला हा शब्द युरोपीय संज्ञेचा अवयवशः केलेला अनुवाद आहे. त्याच्याऐवजी पुष्कळदा ‘पिष्टमय पदार्थ’ असे म्हणतात. पिष्ट म्हणजे पीठ. त्यामुळे भाकरी वर्ज्य हे चटकन समजते. माशाला लावलेला रवा मात्र ‘लावण्यापुरता’ म्हणून हिशेबातून सुटतो आणि साखर तर ‘पिष्टमय’ ह्या शब्दात बसतच नाही.

योस्ट ट्रीअर ह्याने १९३१ मध्ये मांडलेल्या अर्थक्षेत्राच्या सिद्धांतानुसार एखाद्या शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांनी मर्यादित होतो. वरील उदाहरणांत हे स्पष्ट दिसते. ‘मासा’ ह्या शब्दाच्या शेजारी जर्मन भाषेत स्निग्धतेचे दोन कप्पे आहेत; मराठीत त्या जागी ताजेपणा, काटा आणि गाबोळी ह्यांचे कप्पे आहेत. एका क्षेत्रातील शब्द उचलून दुसऱ्यात ठेवला की त्याची सीमारेषा हरवते.

४. सुका आणि खारा

तथापि विशेषण नाही म्हणून ज्ञान नाही, असे होत नाही. मराठीतील शब्दांचे साहचर्य तपासले तर हा भेद दुसऱ्या ठिकाणी स्वच्छ नोंदलेला आढळतो. ‘सुका’ हे विशेषण बोंबील, जवळा, करंदी ह्या नावांशी सहज जाते; सोललेल्या सुक्या कोळंबीला तर ‘सोडे’ असे स्वतंत्र नावच आहे. ‘खारा’ हे विशेषण सर्वप्रथम आठवते ते बांगड्याबरोबर. ‘खारा बांगडा’ हा जोडशब्द इतका घट्ट आहे की त्याचे घटक सुटे करणे अवघड जावे. ‘खारा बोंबील’ मात्र कानाला परका लागतो.

ह्या साहचर्यामागे अटलांटिकमधले तेच कारण आहे. बोंबलात तेल जवळजवळ नाहीच. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते उन्हात दोरीवर टांगले की पाणी उडून जाते आणि मीठ न लावताही ते टिकतात. बांगडा तसाच टांगला तर त्याचे तेल हवेने खवट होईल. त्याला चिरून मीठ भरावे लागते. अर्थात ही कसोटी सर्वस्वी निरपवाद नाही. मोरीचे मांस अल्पस्निग्ध असूनही तिचे तुकडे खारवतात, कारण जाड मांस आतपर्यंत वाळण्याआधी नासू लागते. म्हणजे तेल आणि जाडी अशी दोन कारणे येथे एकत्र येतात. लहान आकाराच्या माशांपुरते मात्र असे म्हणावयास हरकत नाही की, जो नुसता सुकतो तो अल्पस्निग्ध, आणि ज्याला मीठ लागते तो स्निग्ध. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर असतात तेव्हा मडक्यात आणि डब्यात काय काय साठवावे, ह्याचा निर्णय कोळ्यांच्या घरोघरी ह्याच भेदाने होत आला आहे.

मोरीचे उदाहरण आणखी एका दृष्टीने बोधक आहे. ज्या माशांचे मांस अल्पस्निग्ध असते ते आपला स्निग्ध साठा पुष्कळदा यकृतात ठेवतात. कॉड माशाच्या यकृताचे तेल प्रसिद्धच आहे. दुसऱ्या महायुद्धात त्याची आयात दुर्घट झाली, तेव्हा मुंबई व मद्रास इलाख्यांत मुशी-मोरीच्या यकृतापासून तेल काढण्याचे उद्योग निघाले. एकाच माशाचे मांस अल्पस्निग्ध व यकृत अतिस्निग्ध असते. तेव्हा ‘हा मासा तेलाचा आहे काय?’ ह्या प्रश्नाला ‘कोणत्या भागाचे विचारता?’ असा प्रतिप्रश्न करणेच शास्त्रीय ठरते. गाबोळीलाही हेच लागू आहे.

५. कालवणातील स्निग्धता

भेदाची दुसरी नोंद पाकक्रियेत आहे. कोकण किनाऱ्याच्या स्वयंपाकात बांगडा, तारली, पेडवे ह्या माशांच्या कालवणात तिरफळ आणि आमसूल ह्यांना विशेष मान असतो. माशाच्या अंगच्या तेलाचा उग्र वास आणि ओशटपणा आंबटाने व तिरफळाच्या तिखट सुगंधाने मोडतो. उलट, ज्यांच्या अंगी तेल नाही अशा माशांना व कोळंबीला ओल्या नारळाचा दाट रस मानवतो. माशात नसलेला स्निग्धांश रश्श्यात घातला जातो. ‘रस अंगाला लागला पाहिजे’ असे जेव्हा म्हणतात तेव्हा अल्पस्निग्ध मांसाला बाहेरचा स्नेह देण्याचीच ती क्रिया असते.

हा स्नेह किती असतो, हेही पाहता येते. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३३ ग्रॅम स्निग्धांश असतो. कर्बोदके सुमारे १५ ग्रॅम, पण त्यांतील ९ ग्रॅम तंतुमय आणि न पचणारी. दाट नारळरसात शंभर ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम स्निग्धांश मिळतो. वर काढलेली ४३ ग्रॅमांची तूट भरावयास असा १८० ग्रॅम, म्हणजे वाटीभराहून थोडा अधिक रस पुरतो. तात्पर्य, अल्पस्निग्ध मासा घेऊन स्निग्धप्रधान जेवण कसे करावे, हा आज नवा वाटणारा प्रश्न किनाऱ्यावरील स्वयंपाकघराने निम्मा सोडवलेला आहे. निम्मा म्हणण्याचे कारण असे की, तेच कालवण भातावर घालावयाचे असते. शिजलेल्या भाताच्या दीडशे ग्रॅमांच्या वाटीत सुमारे ४२ ग्रॅम कर्बोदके येतात, आणि पन्नास ग्रॅम पिठाच्या तांदळाच्या भाकरीत सुमारे ४०. कर्बोदके अत्यल्प ठेवणाऱ्या कडक पथ्यात दिवसाला २० ते ५० ग्रॅमांचीच मुभा असते. ती एका भाकरीत संपते.

तळणीची गोष्ट ह्याहून निसरडी आहे. बोंबील तळताना तो रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवतात, कारण त्याच्या अंगचे पाणी आवरण्यास कोरडे कवच लागते. वीस ग्रॅम रव्यात सुमारे १५ ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे ‘भात नाही, भाकरी नाही, नुसते चार बोंबील’ खाणारा मनुष्यही दिवसाच्या मुभेचा मोठा वाटा कवचातून घेतो. पीठ न लावता तव्यावर तेलात परतलेला मासा, किंवा नारळरसातला मासा, हे दोनच प्रकार येथे हिशेबात बसतात.

६. नावांनी होणारी दिशाभूल

शब्दाने कृती बिघडते ह्याची आणखी तीन उदाहरणे देता येतील.

पहिले रावसाचे. परदेशी आहारतक्त्यांत सॅमन माशाचे नाव हटकून असते. संवर्धित अटलांटिक सॅमनच्या शंभर ग्रॅम मांसात सुमारे १३ ग्रॅम स्निग्धांश असतो. मुंबईच्या इंग्रजीत रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. त्यामुळे तक्त्यातल्या सॅमनच्या जागी रावस बसवणे अगदी स्वाभाविक वाटते. वस्तुतः रावस हा सॅमनच्या कुळातला नव्हेच. तो पॉलिनेमिडी ह्या निराळ्या कुळातला असून त्याचा स्निग्धांश ह्या सॅमनपेक्षा बराच कमी आहे. नाव देणाऱ्यांनी रूप आणि चव पाहिली, तेल पाहिले नाही. मराठी ‘रावस’ कोणतेही आश्वासन देत नाही. इंग्रजी नाव ते देते आणि पाळत नाही. सॅमनची जागा घ्यावयाचीच असेल तर ती ऐन हंगामातल्या तारलीने घ्यावी; किंमतही तीच परवडणारी.

दुसरे उदाहरण शीवचेच आहे. देशभर उपाहारगृहांच्या पत्रकांवर ‘कोळीवाडा’ ह्या नावाने तळलेली कोळंबी व मासे मिळतात. हा प्रकार शीव कोळीवाड्यालगत वसलेल्या पंजाबी निर्वासितांच्या खानावळींतून निघाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यातील बेसनाचे आवरण आणि ओवा ह्यांचे नाते अमृतसरी तळणीशी स्पष्ट दिसते. नावावरून मात्र तो कोळ्यांचा पारंपरिक पदार्थ असावा असे वाटते. स्थळनाम पदार्थाला गेले. पुढे हार्बर मार्गावरील ‘कोळीवाडा’ स्थानकाचे नाव बदलून ते गुरू तेगबहादूर नगर झाले. स्थानकाच्या फलकावरून नाव उतरले, तरी पत्रकावर ते राहिले. पथ्याच्या दृष्टीने इतके ध्यानात ठेवावे की ह्या पदार्थात अल्पस्निग्ध कोळंबीला तेल मिळते खरे, पण बेसनाबरोबर. डाळीचे पीठ रव्याहून थोडे सौम्य. तरी त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग कर्बोदकांचाच असतो.

तिसरे उदाहरण लंडनचे असून ते ह्या आहारपद्धतीच्या उगमाजवळचे आहे. विल्यम बँटिंग ह्या गृहस्थाने आपल्या स्थूलतेवर वैद्य विल्यम हार्वी ह्याच्या सल्ल्याने केलेल्या उपायांची माहिती १८६३ साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. पाव, साखर, बटाटे व बिअर वर्ज्य; मांस व मासे ग्राह्य. पण मासा कोणता? सॅमन सोडून कोणताही. म्हणजे पहिला सुप्रसिद्ध अल्पकर्बोदकी आहार अल्पस्निग्ध माशांचा होता. पुस्तिका इतकी गाजली की बँटिंग ह्या आडनावातील शेवटचा अंश प्रत्यय समजून इंग्रजीत ‘बँट’ असे क्रियापद निघाले. स्वीडिश भाषेत ‘बांता’ हे क्रियापद वजन उतरवण्याकरिता आहार नियंत्रित करणे ह्या अर्थी आजही रूढ आहे. एकविसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेत टिम नोक्स ह्यांच्या प्रचारामुळे ‘बँटिंग’ हे नाव पुन्हा चालू झाले. मात्र आता त्याचा अर्थ स्निग्धप्रधान आहार असा झाला आणि बँटिंगने वगळलेला सॅमनच त्यात सन्मानाने आला. शब्द तोच राहिला, मासा उलटला. ‘अल्पकर्बोदकी’ ह्या संज्ञेत उरलेली जागा कशाने भरावयाची हे सांगितलेले नसते, हाच ह्या इतिहासाचा बोध होय.

७. सल्ल्याची भाषा

ह्या विवेचनावरून आहारविषयक सल्ला मराठीत कसा द्यावा, ह्याची दिशा दिसते. ‘लीन’ ह्या इंग्रजी शब्दासाठी ‘अल्पस्निग्ध’ हा पारिभाषिक शब्द ग्रंथात ठीक आहे. प्रस्तुत लेखातही तोच वापरला आहे. परंतु रुग्णाशी बोलताना जातिवाचक संज्ञेपेक्षा विशेषनाम आणि पाकक्रिया ह्यांचाच आश्रय घेतला पाहिजे. “मासे खा” असे न म्हणता, “बोंबील, ढोमा, मुडदुशी, कोळंबी खायची तर नारळाच्या दाट रसात, पीठ न लावता, तारली किंवा बांगडा असेल तर नारळ कमी चालेल, भाकरी मात्र दोन्ही वेळा नाही” असे सांगितले, तर शीवच्या कोळणीपासून प्राध्यापकापर्यंत कोणालाही ते कळेल. जो सुकतो त्याला नारळ, ज्याला मीठ लागते त्याला आमसूल, ही खूण त्यांच्या घरात आधीपासून आहेच.

ह्याबरोबर काही मर्यादाही तितक्याच स्पष्ट शब्दांत सांगितल्या पाहिजेत. कर्बोदके कमी केल्याने पहिल्या सहा महिन्यांत रक्तातील साखर व वजन उतरण्यास मदत होते. वर्षभरानंतर इतर पथ्यांच्या तुलनेतील हा लाभ बराच ओसरतो. नारळातील बहुतेक स्निग्धांश संपृक्त प्रकारचा असल्याने रक्तातील कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी सर्व तूट नारळानेच भरणे इष्ट नव्हे; शेंगदाण्याचे वा तिळाचे तेल त्यांस अधिक योग्य. जे इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे घेतात त्यांनी भात एकाएकी सोडल्यास साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते, आणि काही औषधांबरोबर रक्तात आम्ल साचण्याचाही संभव असतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना प्रथिनांचा भार सोसत नाही. ह्या सर्वांनी वैद्याच्या अनुज्ञेवाचून हे पथ्य आरंभू नये.

भाषेच्या अभ्यासकाला येथे करण्याजोगे काम पुष्कळ आहे. कोणत्या माशाला ‘सुका’ लागतो व कोणत्याला ‘खारा’, कोणाच्या कालवणात नारळ वाढतो आणि कोणाच्यात तिरफळ, ह्यांची कोळी, आगरी, मालवणी, सारस्वत व पाठारे प्रभू ह्यांच्या बोलींतून पद्धतशीर नोंद झाली, तर तिच्यापासून रासायनिक पृथक्करणाच्या कोष्टकाशी ताडून पाहण्याजोगा शब्दसंग्रह तयार होईल. असा संग्रह कोशकाराला जितका उपयोगी तितकाच रुग्णालयातील आहारतज्ज्ञाला. परिभाषा घडवताना नवा शब्द रचण्याआधी, तोच भेद लोकांनी कोठे व कोणत्या शब्दांत करून ठेवला आहे हे शोधावे, एवढाच निष्कर्ष ह्या एका उदाहरणावरून काढणे युक्त होईल.